ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमचे आटे जाम होतात, कायमचा उपाय काय?

रबाळे_सीएनसी
कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ केसिंगची बॉडी आणि झाकण दोन्ही ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे. बॉडीवर बाहेरून आटे, झाकणात आतून. एम४२ × १.५ (व्यास ४२ मि.मी., दोन आट्यांतलं अंतर १.५ मि.मी.), फिट ६एच/६जी (झाकण/बॉडीच्या आट्यांची टॉलरन्स), कोटिंग नाही, पाणी अडवणारी ओ-रिंग नायट्राइल रबराची. झाकण दर महिन्याला उघडावं लागतं. पाचव्या-सहाव्या वेळी ते दुसऱ्या आट्यावर अडतं आणि जोर लावला की दोन्हीकडचे आटे ओरबाडून निघतात. सिलिकॉन ग्रीसने फरक पडला नाही. हार्ड ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर जाड, कठीण ऑक्साइडचा थर) करावं की झाकण स्टेनलेसचं घ्यावं? माल ऐरोलीत खाडीकिनारी उघड्यावर बसतो.

वागळे_टूलरूम
स्टेनलेस नको. खाडीच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसला चिकटलेलं ॲल्युमिनियम आधी गंजून खाल्लं जातं, आट्यांत पांढरी पूड धरते आणि झाकण वेगळ्या कारणाने जाम होतं.

आत्ता होतंय ते असं: ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर घासला की फाटतो, खालचा उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला थंडच वेल्ड होतो. पुढच्या फिरकीत तो तुकडा उपटून निघतो आणि नांगरासारखा बाकीचे आटे खरवडतो. म्हणून उघड्यावर उघडं घासूच द्यायचं नाही. हार्ड ॲनोडायझिंग हाच मार्ग. दोन्ही भागांना केलं तर उत्तम, निदान एका भागाला तरी कराच.

पण ड्रॉइंग न बदलता माल ॲनोडायझिंगला धाडलात तर झाकण चढणारच नाही. ४० मायक्रॉनच्या थरातला साधारण अर्धा, म्हणजे २० मायक्रॉन, बाहेर वाढतो. ६० अंशाच्या आट्यात पिच डायमीटरवर (आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास) त्याचा परिणाम चौपट होतो: ८० मायक्रॉन. ६जी मध्ये तुमच्याकडे किमान मोकळीक आहे फक्त ३२. त्यामुळे बॉडीचा पिच डायमीटर आधीच ८० मायक्रॉनने कमी कापा, झाकणाचा तितकाच वाढवा. बाजारचा साधा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) इथे चालणार नाही, आटे लेथवर सिंगल पॉइंटनेच, म्हणजे एका टोकाच्या टूलने, पाडा. आटे तपासायचा गेज कोटिंगनंतर लावा. आट्याची टोकं धारदार ठेवू नका, कोपऱ्यावर थर टिकत नाही, तडकतो. आणि सुरुवातीचा अर्धवट पातळ आटा काढून टाका. बहुतेक वेळा ओरबाडा तिथूनच सुरू होतो.

एक राहिलं: हा थर वीज वाहू देत नाही. अर्थिंग बॉडीतून घेत असाल तर ती जागा मास्क करून (झाकून, थर न चढू देता) घ्या.

तुर्भे_मेंटेनन्स
वरच्या हिशेबाशी सहमत. ग्रीसबद्दल सांगतो. सिलिकॉन ग्रीस ओ-रिंगसाठी चांगलं, पण धातूवर धातू दाबला गेला की त्याची फिल्म टिकत नाही. आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावा, ब्रशने पातळ, आटे भरतील एवढीच. तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) आणि ग्रॅफाइटचं ग्रीस खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियमला लावू नका, दोन्हींमुळे गंज वाढतो.

दर वेळी जुनी पेस्ट कापडाने पुसून नवी लावायची. तिच्यात अडकलेली वाळू आणि बर (धातूचे बारीक कण) हेच पुढचं दुखणं. झाकण लावताना आधी उलटं फिरवायचं, आटा "टक्" करून बसला की मग सुलटं, हातानेच. इम्पॅक्ट गन अजिबात नको. वंगण लावल्यावर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) जास्त ताण देतो, म्हणून पाव भागाने कमी करा.

रबाळे_सीएनसी
जे सहा नग आत्ताच अडकलेत त्यांचं काय?

वागळे_टूलरूम
आट्यांत पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा. मग फक्त झाकण बाहेरून हॉट एअर गनने तापवा, बॉडी ओल्या कापडाने थंड ठेवा. दोन्हींत ५० अंशांचा फरक पडला तर ४२ मि.मी. व्यासावर जवळपास ०.०५ मि.मी. मोकळीक मिळते. आत कॅमेरा असल्याने झाकण ८० अंशांच्या वर नेऊ नका. पाव फेरी मागे, थोडं पुढे, पुन्हा मागे. करकर ऐकू आली की तिथेच थांबा आणि झाकणाला हॅकसॉने उभी चीर द्या, आट्याच्या जरा आधी थांबून. छिन्नीने ती फाकवली की झाकण सुटतं. झाकण गेलं तरी बॉडी वाचते.