मदत हवी आहे: वाइनच्या द्राक्षात आंबटपणा टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी खारघरला राहतो, पण दिंडोरीला भावासोबत दोन एकर वाइनची बाग आहे, शिराझ आणि शेनिन ब्लां या जातींची. हल्ली फेब्रुवारीतच ऊन असं तापतं की साखर २४ ब्रिक्सला (रसात साधारण २४ टक्के) पोचते आणि आम्लता पार उतरलेली असते. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) पंधरा दिवस पुढे ढकलली तर ऑक्टोबरच्या पावसातला केवडा रोग टळेल, पण मणी नेमके उन्हात पिकतील! पश्चिमेकडची पानं न काढता ठेवणं किंवा शेडनेट, कुणी करून पाहिलंय का? खर्च झेपतो? भाऊ म्हणतो, शेनिन उपटून टाकू. माझं मन होत नाही. नवी मुंबई-ठाण्यात कुणी बागवाले असाल तर रविवारी भेटूया, चहा माझ्याकडे.