टनावर पैसे देणारं कंत्राट पुन्हा तसंच करायचं का?

कडुनिंब (धागा)
कचरा संकलनाचं कंत्राट फेरविचारासाठी महापालिकेपुढे आलंय. काल इथे एकानं लिहिलं, "सर्वांत कमी दरवाल्याला द्या आणि मोकळे व्हा, कचरा उचलायला अक्कल कशाला लागते?" राहवलं नाही म्हणून लिहितोय. दर किती यापेक्षा दर कशावर, ते बघा. टनावर पैसे दिले की ठेकेदाराला वजन हवं. ओला कचरा जड, राडारोडा त्याहून जड. घरीच जिरवलेला किंवा भंगारात गेलेला प्रत्येक किलो त्याच्या बिलातून जातो, मग तो वर्गीकरण कशाला करेल? वजनकाट्यावर उभं राहून पाहिलंय मी. गाडीखाली काळं पाणी गळत होतं आणि पावतीवर एकच आकडा. आत काय भरलंय याला रकानाच नाही.

ताळेबंद
कालचं ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. टन निदान मोजता येतो. घरामागे ठरावीक रक्कम दिलीत तर गाडी दोन दिवसांआड येईल आणि बिल पूर्ण निघेल. 'गुणवत्ता' कोण मोजणार? तोच निरीक्षक ना, जो काट्यावर सही करतो?

मागचं दार
नऊ वर्षं गाडी चालवली आहे, म्हणून बोलतो. कंत्राटात गाडीला दोन कप्पे लिहिलेले होते. मधला पत्रा गंजून पडला, तो पुन्हा बसवलाच नाही. लोक दोन बादल्या घेऊन यायचे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही दोन्ही एकाच तोंडात ओतायचो. महिनाभरात लोकांनीही वेगळं करणं सोडलं. त्यांची काय चूक?

स्वच्छ बरणी
चूक लोकांचीसुद्धा आहे! तेलकट बरण्या, अर्ध्या भरलेल्या बाटल्या सुक्यात टाकतात. एक बाटली फुटली की शेजारचा सगळा कागद वाया. विसळून द्यायला काय जातं?

तिसरा मजला
पाणी जातं. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं आणि मी बरण्या विसळत बसू?

स्वच्छ बरणी
भांडी घासल्यावर उरलेल्या पाण्यात विसळा. चकाचक करायला कुणी सांगितलंय?

तिसरा मजला
हे आम्हालाच सांगायचं, बाटल्या विकणाऱ्या कंपन्यांना नाही! जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत घेतात. बाटली परत दिली की पैसे परत. ते करा, मग आमच्या बेसिनमध्ये डोकवा.

स्वच्छ बरणी
अनामत येईल तेव्हा येईल. माझी आई कचरा वेचायची. तुमच्या त्या न विसळलेल्या बरणीच्या काचेनं तिचा हात कापला होता. जखम चिघळून तीन आठवडे ती घरी होती. म्हणून सांगते, पाणी जातं असं मला सांगू नका.

तिसरा मजला
हे माहीत नव्हतं. विसळीन. पण कंपन्यांचं म्हणणं सोडणार नाही.

मागचं दार
बरणीवरून एवढं भांडताय, बॅटऱ्यांचं कुणी बोलतच नाही. मोबाइलची बॅटरी कचऱ्यात आली आणि दाबयंत्राखाली चिरडली की पेट घेते. एकदा मागून धूर आला तेव्हा भर रस्त्यात अख्खा माल खाली ओतावा लागला. आग लागली तर जबाबदार कोण, याबद्दल कंत्राटात एक ओळ नव्हती. पगार माझा कापला.

ताळेबंद
हे मात्र वाईट झालं. पण पुनर्चक्रणातून शहर कमावेल या भ्रमात राहू नका. चीननं २०१८ मध्ये बाहेरचं टाकाऊ प्लास्टिक आणि न निवडलेला कागद घेणं बंद केलं आणि जिथून पैसे यायचे तिथे कित्येक शहरांना उलटे पैसे मोजावे लागले. भाव पडल्यावर तोटा कुणी सोसायचा?

कडुनिंब
ते कंत्राटातच लिहा ना, भाव चढला तर वाटा, पडला तरी वाटा. आणि बिलाचे दोन भाग करा. गाडी ठरल्या दिवशी आली याचे घरामागे पैसे, अचानक तपासणीत सुका कचरा स्वच्छ निघाला तर वरचे. तपासणी ठेकेदाराच्या माणसानं नाही, प्रभागातल्या रहिवाशांनी करायची.

ताळेबंद
रहिवासी पहाटे काट्यावर येतील? दोन महिने येतील. बरं, दोन भागांचं बिल मान्य, पण निम्म्याहून जास्त रक्कम टनावरच ठेवा.

मागचं दार
टनावर ठेवलंत तर तो पत्रा परत बसणार नाही. लिहून घ्या.