मोटरच्या नोंदीचं घड्याळ मागं पडते

भाऊ, आर्वीजवळ आमची संत्र्याची बाग आहे. रात्री मोटरची थ्री फेज लाइन केव्हा येते, केव्हा जाते हे लिहून ठेवाले मी डब्यात अर्डुइनो (प्रोग्राम टाकता येते असा छोटा बोर्ड), डीएस१३०७ चिपचं घड्याळ आन् मेमरी कार्ड बसवलं. विहिरीवरून उचलून बोअरवर नेता येते. पण मे महिन्यात टिनाखाली ते मिनिटभर मागं पडलं. काहून?

उत्तर : गर्मीनं. घड्याळाचं क्रिस्टल (ठोके देणारा स्फटिक) २५ अंशांच्या आसपास बरोबर चालते. गरम असो का थंड, मंदच होते. डीएस३२३१ चिपचं घड्याळ लावा. ते तापमान मोजून स्वतःच दुरुस्ती करते, वर्षात फरक मिनिटभराचा. वायरी त्याच, प्रोग्राममध्ये लायब्ररी (घड्याळासाठीचा तयार कोड) तेवढी बदला.

उत्तर : सेल जपा बाप्पा! डीएस३२३१ च्या त्या निळ्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्जिंगची सोय असते. साधा सीआर२०३२ बटन सेल चार्ज होत नाही. माझा फुगला, डब्याला वास सुटला. चार्जिंग बंद कराले मॉड्यूलवरच्या डायोडजवळचा रेझिस्टर काढून टाका.

प्रश्नकर्ता : रेझिस्टर काढला, नवीन घड्याळ लावलं. वेळ मोबाइलवरून मिळवली. काल लाइन ११:४२ ले आली, ओलित झालं. बाबाले आता रात्रभर जागत बसा लागत नाही.