ओतकाम थांबवलंय कधी? प्रोजेक्ट इंजिनिअरांनो, अनुभव लिहा

शेड्यूल, आरए बिलं (चालू कामाची हप्त्याने निघणारी बिलं), मीटिंगा हे रोजचंच. पण काँक्रीटची गाडी गेटवर उभी आणि सही आपल्या हातात असताना 'आज नाही' म्हणायची वेळ आली असेल, तर ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत. सुरुवात मीच करतो.

पुण्याजवळची निवासी इमारत. पोअर कार्डवर, म्हणजे ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सही करण्याआधी मी पूर्ण स्लॅबवर फिरतो. त्या संध्याकाळी बाल्कनीची वरची सळई पार खाली बसलेली. इलेक्ट्रिकवाल्यांची पोरं पाइप टाकायला दुपारभर तिच्यावरूनच ये-जा करत होती. कॅन्टिलिव्हरला, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या अशा बाल्कनीला, ताण वरच्या अंगाला येतो. सळई खाली गेली की ती असून नसल्यासारखी. मुकादम म्हणाला, "साहेब, ओतताना हुकने वर ओढू." आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या प्लांटवरून निघालेल्या, ऑफिसातून फोनवर फोन. चेअर (सळईखालचे लोखंडी टेकण) लावून सळई उचलून बांधून घेतली, टेपने कव्हर (सळईवर काँक्रीटचा थर किती राहील ते) मोजलं, मग सही. तोवर एक गाडी परत गेली होती. तिचे पैसे कोणी भरायचे यावर जी पत्रापत्री झाली, ती स्लॅबपेक्षा जड होती!

घाटमाथा
मी सरकारी पुलाच्या कामावर, ठेकेदाराकडून. कोकणात काम पाऊसच थांबवतो, आम्ही फक्त लिहून ठेवतो. हिंड्रन्स रजिस्टरला (कामातल्या अडथळ्यांच्या वहीत) त्याच दिवशी नोंद आणि पलीकडच्या, सरकारी खात्याच्या साहेबांची सही नसेल, तर मुदतवाढ मागताना कोणी ओळख दाखवत नाही.

साइटवाली
माझं भांडण सेंटरिंग (ओल्या स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) खोलण्यावरून. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी. ठेकेदाराला प्लेटा वरच्या मजल्यावर हव्या असतात, म्हणून रोज सकाळी "मॅडम, खोलू?" मी नाही म्हटलं की तोच प्रश्न सरांना. शेवटी टेकूंवरच लाल रंगात ओतल्याची तारीख लिहायला लावली. आता सरही तारीख वाचून उत्तर देतात.

वाळवंटातला मालवणी
इकडे यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, कायद्यानेच. त्यामुळे भांडायला कोणी उरत नाही. ओतकाम रात्री, मिक्समध्ये काही पाण्याऐवजी बर्फ, आणि गाडी आली की आधी काँक्रीटला थर्मामीटर.

वेल्डिंगचा धूर
आमच्याकडे काँक्रीट नाही, पायपिंग. हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, डिझाइन प्रेशरच्या दीडपट. लाइनमध्ये पाणी भरलेलं, व्हेंटमधून हवा काढून झालेली, क्लायंटचा इन्स्पेक्टर हजर. आणि दाब दाखवणाऱ्या दोनपैकी एका गेजच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासणीची) मुदत संपलेली. "काटा तर बरोबर दाखवतोय ना?" असं आमचेच मॅनेजर म्हणाले. मी पंप चालू करू दिला नाही. शेजारच्या युनिटमधून गेज उसनं आणलं, त्याची तारीख चालू होती.