'ओन्योंग-न्योंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
भाची नर्सिंग शिकते. तिच्या वहीत डासांमुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत 'ओन्योंग-न्योंग' असं नाव दिसलं. मराठीत 'सांधेमोड ताप' म्हटलं तर चालेल?

उत्तर १:
शब्द युगांडातल्या अचोली भाषेतला, अर्थ साधारण 'सांधे खिळखिळे करणारा'. १९५९ मध्ये उत्तर युगांडात साथ उसळली आणि तिथल्या लोकांनीच हे नाव ठेवलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत केनिया, टांझानियापर्यंत जाऊन सुमारे २० लाख लोक आजारी पडले. माणूस सहसा दगावत नाही, पण ताप, पुरळ, मानेच्या सुजलेल्या गाठी आणि सांधे! विषाणू चिकुनगुनियाच्या अगदी जवळचा. 'चिकुनगुनिया'ही तसाच, माकोंडे भाषेतला : 'वाकवून टाकणारा'.

'सांधेमोड' मात्र मला पटत नाही. एक तर डेंग्यूला आपण 'हाडमोड्या ताप' म्हणतोच, घोटाळा होईल. शिवाय मराठीत अंग मोडून येतं. सांधे धरतात, आखडतात. मूळ नाव राहू द्या, लक्षण सांगताना 'सांधे धरतात' म्हणा.

प्रश्नकर्ती:
'धरतात' अगदी बरोबर. आईला चिकुनगुनिया झाला तेव्हा तिला महिनाभर कणीक तिंबता येईना. कुकरचं झाकण माझ्यापुढे सरकवायची, नुसती बघायची. आमच्या गल्लीत सगळे 'लंगडा बुखार' म्हणत. अचोली लोकांनी केलं तेच की हे, जे दिसलं त्याचंच नाव!

उत्तर २ (इंदूरच):
यादीत 'डास' लिहिलंय की 'मच्छर'? आम्ही घरात मच्छरच म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हटकून टोकतात. 'डास' हा संस्कृत 'दंश'वरून आलेला, सुरेख शब्द आहे, मान्य. पण पुण्यातही पलंगावर टांगतात ती मच्छरदाणीच ना?

उत्तर १:
मच्छरदाणीचा विषय इथे नेमका लागू पडतो. चिकुनगुनिया पसरवणारा एडीस दिवसा चावतो, त्याच्यापुढे रात्रीची मच्छरदाणी फारशी कामाची नाही. ओन्योंग-न्योंग मात्र ॲनोफिलीस पसरवतो, म्हणजे मलेरियाचाच डास, आणि तो रात्री चावतो. हा आजार आफ्रिकेतला; भाचीने यादीत नावापुढे 'आफ्रिका' आणि 'ॲनोफिलीस' हे दोन शब्द जरूर लिहावेत.

प्रश्नकर्ती:
लिहायला सांगते. 'सांधे धरणे'सुद्धा.