ऑनलाइन समुपदेशन घ्यावे का? गोव्यातील जाणकारांचे मत हवे आहे

मयेकाठ:
आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. पती बोटीवर नोकरीला असल्यामुळे वर्षातील बहुतेक महिने घर सासूबाई आणि मीच सांभाळतो. सासरे गेल्यापासून सासूबाई अबोल झाल्या आहेत. मुलगा यंदा नववीत गेला असून, शाळेतून आल्यावर दप्तर सोप्यावर टाकून मोबाईल घेऊन जो खोलीत शिरतो तो ताट वाढले तरी चार हाका मारल्याशिवाय बाहेर येत नाही. बोलायला गेले की दोघांचेही आवाज चढतात आणि मग रात्रभर मला झोप लागत नाही. पणजीला जाऊन कोणाला तरी भेटावे असे मनात येते. परंतु बसस्टँडवर ओळखीचे कोणी ना कोणी 'खंय वता गो?' (कुठे चाललीस गं?) असे विचारतेच. ऑनलाइन समुपदेशनाच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. त्यांतील विश्वासार्ह कोणते, हे कसे ओळखावे? आणि समुपदेशन मुलासाठी घ्यावे की माझ्यासाठी?

माटोळी:
मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून आधी ओळखण्याविषयी लिहिते. 'समुपदेशक' ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच बाळगू नये. औषध लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरला असतो, समुपदेशकाला नाही. जो पहिल्याच भेटीत दहा सत्रांचे पैसे आगाऊ मागतो किंवा मुलगा महिन्याभरात सुधारेल अशी हमी देतो, त्याला सरळ नकार द्यावा. तुम्ही सांगितलेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घातलेले आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असे काही मोजके अपवाद. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, आधी तुम्ही स्वतःसाठी वेळ घ्या. मुलाला अद्याप काही त्रास जाणवत नाही; झोप तुमची उडाली आहे.

वाळपईकर:
ताई, मी गेल्या वर्षी नोकरी सुटल्यानंतर ऑनलाइन समुपदेशन घेतले आणि मला त्याचा उपयोग झाला. एक अडचण मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही. पडद्यामुळे गावाची नजर चुकते, घराची चुकत नाही. आमच्या जुन्या घराच्या भिंती छपरापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे एका खोलीत बोललेले दुसऱ्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. शेवटी मी गाडी रस्त्याच्या कडेला, जिथे रेंज बरी मिळते तिथे उभी करून बोलू लागलो. तुमच्याकडे मुलगा शाळेत आणि सासूबाई दुपारी पडलेल्या असताना परसात बसता येईल. कानात इअरफोन घालावा, म्हणजे निदान समोरच्याचे बोलणे बाहेर जात नाही. पावसाळ्यात वीज गेली की व्हिडिओ तुटतो. तेव्हा साध्या फोनवर बोलणे चालू ठेवता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे. आणि भाषेचेही पाहावे. माझी पहिली समुपदेशक इंग्रजीतूनच बोलत असे. मला उत्तर देता येत होते, पण रडता येत नव्हते.

फोंड्याचा मास्तर (निवृत्त):
माटोळी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, तथापि केवळ पदवी पाहण्यावर माझा भर नसेल. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला 'मानस' हा अभ्यास २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या, परंतु रीतसर प्रशिक्षण दिलेल्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक समुपदेशकांमुळे नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना सरकारी केंद्रांत लाभ झाल्याचे दिसले. म्हणून 'तुमच्या कामावर देखरेख कोण करते?' हाही प्रश्न समुपदेशकाला विचारावा. मुलाच्या बाबतीत मी पडद्याच्या विरोधात आहे. ज्याला मोबाईलमधून बाहेर काढायचे त्याला मोबाईलवरच समुपदेशन देणे मला पटत नाही. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना आधी तुम्ही एकट्याने भेटा. सासूबाईंचे अबोलपण दुःखाचे असेल, परंतु खाणे आणि झोप दोन्ही मंदावली असतील तर थांबू नये. बांबोळीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे, हा समज अजून आपल्या पिढीत आहे. मीही तो घरी ऐकलेला आहे.

माटोळी:
मास्तरांचे मुलाविषयीचे म्हणणे योग्य आहे. अठरा वर्षांखालील मुलाशी बोलताना पालकांची संमतीही लागतेच. खर्चाची चिंता असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही फोनवरील मानसिक आरोग्य सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. एखाद्या रात्री झोप नसताना फोन करायला तो अधिक सोयीचा, कारण आधी वेळ घ्यावी लागत नाही.

मयेकाठ:
सर्वांचे आभार. भाषेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आणखी एक विचारते: पती बोटीवरून एखाद्या सत्रात सामील होऊ शकतील का? मुलाला काय बोलावे यावर आमचे दोघांचे एकमत नसते, हेही खरे आहे.

माटोळी:
अवश्य. बोट बंदरात लागल्यावर त्यांना इंटरनेट बरे मिळते, त्या दिवसाची वेळ आधी ठरवून ठेवा. पहिली एक-दोन सत्रे मात्र तुमची एकटीची असू द्या.