दिवाणाखालची माऊ: तुमच्याकडचे अनुभव लिहा

काल रंगकामासाठी फ्रिज सरकवला. मागे दुधाच्या पिशव्यांची कापलेली टोकं निघाली. मोजली, 23. सगळी आमच्या ठकीने दडवलेली. तिला जाऊन येत्या आषाढात 2 वर्षं होतील. केरसुणी हातात धरून तिथेच खाली बसले.

2014 च्या पावसात मीटरच्या खोलीतून आणलेली. कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी करून सोडलेली. घरात आली ती थेट दिवाणाखाली. 17 दिवस दिसलीच नाही. रात्री दोनला फरशीवर वाटी घासल्याचा आवाज यायचा, तेवढंच. मी रोज वाटी चार बोटं बाहेर ओढायचे आणि शेजारी बसून भाजी निवडायचे. बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. अठराव्या दिवशी मेथीच्या जुडीवर पंजा आला.

पाहुण्यांना कधी दिसली नाही. सासूबाई म्हणायच्या, मांजर आहे की अफवा?

खिडकी: अफवा 😄 आमचा बोका कुकरची शिट्टी झाली की माळ्यावर. वरण शिजेस्तोवर खाली येत नाही.

पाटावरची: ताई, 23 टोकं टाकू नका हां. डबीत ठेवा.

रानवारा: टोकांवरून आठवलं. आमच्या मनीने सुईतला दोरा गिळला होता, जिभेखाली टोक दिसत होतं. मी ओढणारच होतो, डॉक्टर फोनवर ओरडले, हात लावू नका, आत आतडं कापलं जाईल. पोट उघडून काढला. शिवणाचा डबा तेव्हापासून कुलपात.

मालवणी_माय: आमच्याकडे लाजरं मांजर म्हणजे उपाशी मांजर. दारात बांगडे साफ करायला बसलं की पाच जणं. पण एक पांढरी आहे, माडाच्या मागे थांबते. तिचं डोकं वेगळं काढून ठेवते मी. बांगड्याचं हो.

खिडकी: मावशी, यंदा बांगडा कसा आहे? इथे डोंबिवलीत हात लावायची सोय नाही.

मालवणी_माय: बारीक येतोय. तू ये इथेच.

सांजवेळ: डोळे अर्धे मिटून सावकाश उघडायचे, तेही तसंच करतं. मला खोटं वाटायचं. 5 महिन्यांनी कपाटावरून पहिल्यांदा उत्तर आलं, मी रडले. दिवाळीत मात्र अजून न्हाणीघरात बसतो, मीही पाट घेऊन सोबत बसते.

नवीनच: आम्ही परवा रात्री आणली. वॉशिंग मशिनच्या मागे आहे. काहीच खात नाहीये. दूध ठेवलं तेही तसंच.

रानवारा: दूध नको, जुलाब होतात. कोंबडी उकडून द्या, कांदा-लसूण-मीठ काही नको. पूर्ण 2 दिवस पोटात काही नसेल तर वाट बघू नका, मांजराच्या यकृतावर चरबी चढते. सकाळी डॉक्टरांना दाखवाच.

पाटावरची: आणि गॅलरीला जाळी लावली का? आमची तिसऱ्या मजल्यावरून पडली होती. वाचली, पण पाय अधू राहिला. पोळ्या करपतायत, येते.

नवीनच: जाळी उद्या बसेल. कोंबडी ठेवलीय, सगळे झोपलेत.

नवीनच: आवाज येतोय. वाटीचा!!

दिवा लावू नकोस गं. पडून राहा.